वर्ग फुकट, अभ्यास आपला

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सेबॅस्टियन थ्रुन आणि पीटर नॉर्विग कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय शिकवत. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी हाच वर्ग इंटरनेटवर साऱ्या जगाला फुकट खुला केला. १ लाख ६० हजार जणांनी नावं नोंदवली आणि शेवटपर्यंत टिकले सुमारे २३ हजार. त्या वर्गाची आणखी एक गंमत थ्रुन पुढे सांगत. प्रत्यक्ष वर्गासाठी नाव दिलेले स्टॅनफर्डचे विद्यार्थी दोनशे होते. थोड्याच दिवसांत वर्गात येणारे तीसेक उरले, कारण बाकीच्यांना तेच व्हिडिओ खोलीवर बसून पाहणं सोयीचं वाटू लागलं.

या आकड्यांकडे दोन बाजूंनी पाहता येतं. दोन शिक्षकांच्या हाताखाली एका सत्रात २३ हजार जण शिकले, हे याआधी कधी घडलं नव्हतं. दुसरी बाजू अशी, की सातांतले सहा जण मध्येच गळले. त्यानंतरच्या दशकभरात ऑनलाइन शिक्षणाने जे काही कमावलं आणि गमावलं, ते या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत घडलं.

भरतीचं वर्ष आणि ओहोटी

२०१२ मध्ये थ्रुन यांनी ऑनलाइन कोर्स देणारी ‘युडॅसिटी’ ही कंपनी काढली. स्टॅनफर्डचेच अँड्र्यू इंग आणि डॅफ्नी कोलर यांनी ‘कोर्सेरा’ सुरू केली. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी मिळून ‘एडएक्स’ उभी केली. एमआयटीने तिच्यासाठी घेतलेला पहिला कोर्स होता इलेक्ट्रॉनिक सर्किटांचा, शिकवणारे होते अनंत अगरवाल. त्याला १ लाख ५५ हजारांच्या आसपास नोंदणी झाली आणि प्रमाणपत्र मिळालं ७ हजार १५७ जणांना. मंगोलियातल्या उलानबातरच्या एका पंधरा वर्षांच्या मुलाने त्यात पैकीच्या पैकी गुण मिळवले आणि पुढे तो एमआयटीतच शिकायला गेला. अशा गोष्टी वर्तमानपत्रांत झळकल्या, तशी विद्यापीठांच्या इमारती आता ओस पडणार अशी भाकितंही होऊ लागली.

भाकितांची कसोटी लवकरच लागली. २०१३ च्या जानेवारीत युडॅसिटीने कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठाबरोबर गणित आणि संख्याशास्त्राचे तीन प्राथमिक कोर्स स्वस्तात देऊ केले. ज्यांना नियमित कॉलेज परवडत नाही किंवा गणित कच्चं आहे, अशांना हात देण्याचा हेतू होता. निकाल लागला तेव्हा उत्तीर्णांचं प्रमाण नेहमीच्या वर्गापेक्षा बरंच खाली होतं. काही महिन्यांत प्रयोग थांबवावा लागला. ज्याला अभ्यास कसा करायचा हे आधीच ठाऊक होतं, तो ऑनलाइन वर्गात तरला. ज्याला सर्वांत जास्त आधार हवा होता, तोच आधी बुडाला.

पुढे एमआयटी आणि हार्वर्डच्या अशा कोर्सेसची सहा वर्षांची माहिती तपासून जस्टिन राइश आणि होसे रुइपेरेझ-वालिएंते यांनी २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. नाव नोंदवणाऱ्यांपैकी ५२ टक्के लोकांनी कोर्स एकदाही उघडला नव्हता. २०१७-१८ मध्ये एकूण नोंदणीच्या तुलनेत कोर्स पूर्ण करणारे अवघे ३.१३ टक्के निघाले. मात्र प्रमाणपत्रासाठी पैसे भरून ओळख पटवलेल्यांत हेच प्रमाण ४६ टक्के होतं.

हे आकडे वाचताना एक सावधगिरी हवी. नाव नोंदवणारा प्रत्येक जण कोर्स पुरा करायला आलेला नसतो. कुणी एकच प्रकरण समजून घ्यायला येतो, कुणी आपल्या वर्गात शिकवण्यासाठी उदाहरणं शोधतो, तर कुणी नुसतंच डोकावून जातो. ग्रंथालयातून पुस्तक नेणाऱ्या प्रत्येकाने ते शेवटच्या पानापर्यंत वाचावं, अशी आपण अपेक्षा ठेवत नाही. तरीही ३ आणि ४६ यांच्यातली दरी मोठी आहे. व्हिडिओ दोघांनाही तेच, प्राध्यापकही तेच. पैसे भरणारे मुळातच जास्त पक्क्या इराद्याने आलेले असतात हे खरं, पण पैसे भरल्यावर तो इरादा टिकवायला एक खुंटीही मिळते.

एनपीटेलने काय केलं

आपल्याकडे दूरचित्रवाणीवरून शिकवण्याचे प्रयोग इंटरनेटच्या बरेच आधीचे. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ या उपक्रमात अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत कार्यक्रम दाखवले गेले. १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ दूरदर्शनवर येऊ लागला. पुढे आलेला ‘एनपीटेल’ हा प्रकल्प याच वाटेवरचा. त्याची कल्पना १९९९ ची, केंद्र सरकारच्या पैशाने काम सुरू झालं २००३ मध्ये. सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून अभियांत्रिकीच्या विषयांची व्याख्यानं ध्वनिचित्रमुद्रित करायची आणि सगळ्यांना फुकट द्यायची, हा त्याचा गाभा. एमआयटीने २००१ मध्ये आपल्या अभ्यासक्रमांची टिपणं खुली करण्याचं जाहीर केलं होतं, त्याच काळातलं हे काम.

लहान गावातल्या अभियांत्रिकी कॉलेजात एखाद्या विषयाला शिक्षकच नसेल, तर मुलं या व्याख्यानांवर विषय काढत. परीक्षेच्या आदल्या रात्री दुप्पट वेगाने तीच व्याख्यानं ऐकणारेही पुष्कळ होते. पण खरा बदल झाला २०१४ च्या सुमारास. एनपीटेलने व्याख्यानांना वेळापत्रक, गृहपाठ आणि परीक्षा जोडली.

रचना साधी आहे. कोर्स चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे असतात आणि वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैच्या सुमारास सुरू होतात. दर आठवड्याला नवे पाठ खुले होतात आणि त्यावर एक असाइनमेंट द्यावी लागते. मुदत टळली की ती बंद होते. शिकणं आणि असाइनमेंट देणं पूर्ण फुकट. प्रमाणपत्र हवं असेल तर साधारण हजार रुपये भरून ठरलेल्या केंद्रावर जाऊन, देखरेखीखाली संगणकावर परीक्षा द्यायची. अंतिम गुणांत असाइनमेंटचे २५ आणि परीक्षेचे ७५. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वांत चांगल्या आठ असाइनमेंट धरतात, म्हणजे आजारपण, लग्नकार्य किंवा कॉलेजच्या परीक्षेमुळे एखाद-दोन आठवडे हुकले तरी नाव बुडत नाही. पास होण्यासाठी असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० असे दोन्हीकडे गुण लागतात. नुसती परीक्षा मारून नेता येत नाही आणि घरी बसून इतरांच्या असाइनमेंट उतरवूनही भागत नाही. साठच्या वर ‘एलिट’, पंचाहत्तरच्या वर रौप्य, नव्वदच्या वर सुवर्ण असे शिक्के प्रमाणपत्रावर येतात.

याला कॉलेजांची जोड मिळाली. अनेक कॉलेजांत एनपीटेलची ‘लोकल चॅप्टर’ आहेत. तिथला एखादा शिक्षक मुलांच्या नोंदणीकडे आणि प्रगतीकडे लक्ष ठेवतो, आठवड्याची असाइनमेंट झाली का विचारतो. विषयाचा तज्ज्ञ नसला तरी त्याचं विचारणं उपयोगी पडतं.

९ जुलै २०१७ रोजी केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ हे व्यासपीठ सुरू झालं आणि एनपीटेलचे कोर्स त्यावर आले. त्यांच्या जोडीला विद्यापीठ अनुदान आयोग, इग्नू, एनसीईआरटी, आयआयएम बंगळुरू अशा संस्थांचे कोर्स आले. त्यामुळे अभियांत्रिकीबाहेरचे विषयही मिळू लागले: व्यवस्थापन, इतिहास, मानसशास्त्र, शिक्षक प्रशिक्षण. प्रत्येक कोर्समध्ये व्हिडिओ, वाचायचा मजकूर, स्वतःला तपासायच्या चाचण्या आणि शंका विचारायची जागा असे चार भाग असावेत, असा दंडक आहे. इंटरनेट नसलेल्यांसाठी ‘स्वयंप्रभा’च्या उपग्रह वाहिन्या आहेत. २०२१ च्या नियमानुसार विद्यापीठं एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंतचे विषय स्वयम्‌वरून करू देऊ शकतात आणि ते श्रेयांक पदवीत धरले जातात. आपलं कॉलेज हे मान्य करतं का, हे सत्राच्या सुरुवातीलाच कार्यालयात विचारून घ्यावं. परीक्षा झाल्यावर विचारलं तर हाती फक्त प्रमाणपत्र उरतं.

हातात काम देणारा व्हिडिओ

वेळापत्रक आणि परीक्षा हा एक मार्ग झाला. आयआयटी मुंबईतल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ने दुसरा मार्ग धरला. प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या या प्रकल्पात लिब्रेऑफिस, पायथन, लिनक्स, सायलॅब, लाटेख अशी मुक्त सॉफ्टवेअर शिकवली जातात. एक पाठ साधारण दहा मिनिटांचा. त्यात शिक्षकाचा चेहरा दिसत नाही, फक्त संगणकाचा पडदा आणि बोलणारा आवाज. शिकणाऱ्याने अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ आणि अर्ध्या पडद्यावर तेच सॉफ्टवेअर उघडायचं. दोन वाक्यं ऐकायची, व्हिडिओ थांबवायचा, तसंच करून पाहायचं, मग पुढे.

पाठाची संहिता आधी लिहून काढतात आणि तो विषय अजिबात न येणाऱ्या माणसाला देतात. तो जिथे अडखळेल तिथे संहिता दुरुस्त होते. पडद्यावरची अक्षरं इंग्रजीच राहतात, आवाज मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत मिळतो. नोकरीत सॉफ्टवेअर इंग्रजीतच वापरावं लागणार, पण समजून घेताना भाषेची अडचण नको, असा त्यामागचा विचार. इंटरनेट नसलेल्या कॉलेजांत हे पाठ आधी उतरवून प्रयोगशाळेतल्या संगणकांवर ठेवता येतात आणि तज्ज्ञ शिक्षकाशिवाय कार्यशाळा घेता येते. स्तनपान आणि बालकांचं पोषण या विषयांवरचे पाठही याच पद्धतीने झाले आहेत.

खान अकादमीचा उगमही असाच पाहण्याजोगा आहे. २००४ मध्ये बॉस्टनमध्ये राहणारे सलमान खान न्यू ऑर्लिन्समधल्या आपल्या नात्यातल्या नादिया या मुलीला फोनवरून गणित शिकवत. शिकणाऱ्या नातलगांची संख्या वाढली तेव्हा त्यांनी आधी केला तो आपोआप गणितं तयार करून उत्तरं तपासणारा संगणकाचा प्रोग्रॅम. यूट्यूबवरचे व्हिडिओ आले ते त्यानंतर, २००६ मध्ये. जगाला व्हिडिओ आठवतात, पण कच्चा भाग सापडतो तो सरावाच्या गणितांतून. एखाद्या मुलाला अपूर्णांकांच्या वजाबाकीत अडचण आहे की मुळात लसाविच येत नाही, हे व्याख्यान ऐकून कळत नाही. चार गणितं चुकल्यावर कळतं.

कळल्यासारखं वाटणं

ऐकण्यापेक्षा स्वतः सोडवून पाहण्याने जास्त शिकलं जातं, याला मानसशास्त्राचे भक्कम पुरावे आहेत. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने एक उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एका सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते: ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने विचारलं तेव्हा पारडं उलटलं. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होतं आणि लिहून काढणाऱ्यांना ६१.

२०१५ मध्ये केनेथ केडिंजर आणि सहकाऱ्यांनी मानसशास्त्राच्याच एका मोठ्या ऑनलाइन कोर्सची माहिती तपासली. जास्तीचे व्हिडिओ पाहण्याने किंवा पानं वाचण्याने जेवढा फायदा होतो, त्याच्या सुमारे सहापट फायदा जास्तीचे सराव-प्रश्न सोडवण्याने होतो, असं त्यांना आढळलं. एडएक्सवरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास २०१४ मध्ये झाला. त्यात दिसलं की व्हिडिओ कितीही लांब असला तरी तो पाहण्याचा मध्यक वेळ सहा मिनिटांच्या पुढे जात नाही.

खरी फसगत वेगळ्याच ठिकाणी होते. हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांत झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. काही विद्यार्थ्यांनी छान, ओघवती व्याख्यानं ऐकली. इतरांनी तोच भाग गटात बसून, गणितं सोडवत, चुकत शिकला. चाचणीत दुसरा गट पुढे गेला. पण ‘आपण जास्त शिकलो’ असं वाटणारे व्याख्यान ऐकणाऱ्यांत अधिक होते. उत्तम वक्ता ऐकताना डोक्याला त्रास पडत नाही, म्हणून कळल्यासारखं वाटतं. गणित अडतं तेव्हा त्रास होतो, म्हणून काही येत नाही असं वाटतं. ऑनलाइन शिकणाऱ्याजवळ फळ्यापाशी बोलावणारं कुणी नसतं. त्यामुळे पहिला भ्रम त्याला कित्येक आठवडे पुरतो आणि परीक्षेच्या दिवशीच फुटतो.

फोन कुणाच्या हातात

इथवरची चर्चा ज्याच्याजवळ फोन आणि शांत कोपरा आहे त्याची झाली. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या आकड्यांनुसार देशातल्या सुमारे २४ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. ग्रामीण भागात हे प्रमाण १५ टक्के आणि शहरांत ४२. संगणक असलेली ग्रामीण घरं साडेचार टक्क्यांच्याही आत. त्यानंतर स्मार्टफोन झपाट्याने वाढले, पण २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा एका फोनवर तीन भावंडं आणि तो फोन वडिलांबरोबर दिवसभर कामावर, अशीच अनेक घरांची स्थिती होती.

त्या वर्षीच्या जुलैत एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका आणली. बालभारतीच्या पाठांवर आधारलेली ही मालिका मुलांना घरात आणि परसात करून पाहण्याच्या कृती देत होती. टीव्ही बंद झाल्यावरही मुलांकडे काहीतरी करायचं उरत असे. पाठ्यपुस्तकांवरचे क्यूआर कोड स्कॅन करून ‘दीक्षा’ या सरकारी व्यासपीठावरचे धडे उघडण्याची सोयही आहे. मात्र लहान मुलांच्या बाबतीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: शेजारी बसणारं मोठं माणूस नसेल तर कोड स्कॅन होतो, धडा होत नाही.

महाराष्ट्राला याचा अनुभव जुना आहे. एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरतेच्या कोर्सने गावोगावच्या लाखो लोकांना संगणकावर बसवलं. धडे संगणकावरच असत, पण शिकायला केंद्रात जावं लागे. ठरलेली वेळ, नेमून दिलेला संगणक, अडलं तर विचारायला माणूस आणि शेवटी परीक्षा. ज्या काळात घरी संगणक असणं ही चैन होती, त्या काळात पन्नाशीतला कारकून आणि बारावीची मुलगी शेजारी बसून माउस धरायला शिकले.

नाव नोंदवण्याआधी

हे सगळं ध्यानात घेतलं की कोर्स निवडण्याचा निकष बदलतो. कोण शिकवतं आणि किती तासांचे व्हिडिओ आहेत, हे नंतर पाहावं. आधी पाहावं, हा कोर्स आपल्याकडून दर आठवड्याला काय करून घेतो. सोडवायला प्रश्न आहेत का, लिहून द्यायचं काही आहे का, मुदत आहे का, चुकलं तर का चुकलं हे कळतं का? ज्या कोर्समध्ये यांपैकी काहीच नाही, तो संदर्भासाठी चांगला आणि शिकण्यासाठी अपुरा.

विद्यार्थ्याने आपल्या विषयाला लागून असलेला एखादा आठ आठवड्यांचा कोर्स घ्यावा आणि एका सत्रात एकच घ्यावा. स्वतःच्या हौसेने किंवा नोकरीसाठी शिकणाऱ्याने चार आठवड्यांपासून सुरुवात करावी. व्हिडिओ संपला की वही उघडून, पडद्याकडे न बघता पाच ओळी लिहाव्यात. हे कंटाळवाणं काम आहे, पण रोडिगर-कार्पिकींच्या प्रयोगातला फरक याच कामाने पडला होता.

प्रमाणपत्राबद्दलही स्वच्छ हिशेब हवा. देखरेखीखाली झालेल्या परीक्षेचं प्रमाणपत्र आणि व्हिडिओ संपताच मिळणारं प्रमाणपत्र यांची किंमत एक नाही, हे नोकरी देणाऱ्यालाही कळतं. हजारो रुपयांचं पॅकेज कुणी मासिक हप्त्यांत गळ्यात मारत असेल, तर तो हप्ता म्हणजे कर्ज आहे का, मध्येच सोडलं तर पैसे परत मिळतील का, हे लेखी विचारावं. त्याआधी तोच विषय स्वयम्‌वर शोधून पाहावा.

२०२३ पासून खान अकादमीच्या ‘खानमिगो’सारखे कृत्रिम बुद्धिमत्तेचे शिकवणी-मदतनीस आले आहेत. उत्तर न सांगता पुढची पायरी विचारत राहायचं, अशी खानमिगोची घडण ठेवली आहे. एरवी हाताशी असलेला कुठलाही चॅटबॉट मागितलं की तयार उत्तर देतो. अडकलेल्या जागी इशारा मागायचा की पूर्ण उत्तर, हे मागणाऱ्याच्या हातात आहे, आणि फायदा-तोटा तिथेच ठरतो.

उरली ती सगळ्यांत स्वस्त सुधारणा. पुण्याच्या पेठांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं महिन्याचे पैसे मोजून अभ्यासिकेत खुर्ची घेतात. पुस्तकं त्यांचीच, नोट्सही त्यांच्याच. पैसे मोजले जातात ते ठरलेल्या वेळेसाठी आणि शेजारी मान खाली घालून बसलेल्या माणसासाठी. राज्यात १९६७ च्या कायद्याने मान्यता मिळालेली हजारो सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. त्यांतल्या एखाद्या वाचनालयाने वायफाय, चार टेबलं आणि आठवड्यातला एक ठरलेला तास दिला, आणि एकाच कोर्सला नाव नोंदवलेली पाच-सहा मुलं त्या तासाला एकत्र बसली, तर आयआयटीतल्या प्राध्यापकाच्या व्याख्यानाला जे जमत नाही ते गावातच जमेल. त्यासाठी नवं अ‍ॅप बनवण्याची गरज नाही. जुलैचं सत्र सुरू होण्याआधी वाचनालयाच्या फळ्यावर कोर्सचं नाव, वार आणि वेळ लिहिली तरी सुरुवात होते.